परवाना मिळाला, पुढे काय?

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि जळगावात एका बँकेच्या दारावर बारा बोअरची एकनळी घेऊन उभा राहिलो. पुढे धुळ्यात एका जिनिंगवाल्याच्या रोकडीबरोबर फिरलो. फौजेत चांदमारी चुकत नसे. इथे कोणी कधी बंदूक झाडायला लावली नाही. काडतुसांचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून ती वापरायचीच नाहीत! एका गार्डच्या पट्ट्यातल्या काडतुसांचं पितळ हिरवं पडलं होतं.

त्याच बँकेत पाळी बदलताना एकाने बंदूक उघडून न बघताच ‘रिकामीच आहे’ म्हणत घोडा दाबला. छर्रे छतात गेले. हॉलमध्ये पेन्शनला आलेली म्हातारी माणसं बसली होती. कोणाला लागलं नाही हे नशीब, दुसरं काही नाही.

तेव्हापासून सराफ असो की केळीबागायतदार, परवानाधारक भेटला की मी विचारतो, शेवटची गोळी कधी झाडलीत? रावेरकडचे एक आबा हसले. “मनाजोडे बंदूक शे, मंग कसानी भीती?” बंदूक मधल्या खोलीतल्या कपाटात, किल्ली सुनेकडे, काडतुसं माळ्यावर. गंमत बघा, वरणगावच्या कारखान्यात फौजेसाठी गोळ्या बनतात, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या परवानाधारकाला गोळीचा आवाज ऐकून युगं लोटलेली.

हातात शस्त्र असलं म्हणजे निभावलं, असं होत नाही. १४ एप्रिल १९४४ला धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ स्वातंत्र्यसैनिकांनी इंग्रज सरकारचा खजिना लुटला, तेव्हा खजिन्याबरोबर बंदूकधारी पोलीस होतेच. गाफील क्षणी शस्त्र खांद्यावरच राहतं.

२०१६च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे. ते घ्याच, पण त्यावर थांबू नका. चांदमारीवर उजेड असतो, कागद हलत नाही, मागे मातीचा बांध असतो. घरात रात्री अंधार, पायात चप्पल नाही, छाती धडधडतेय आणि पलीकडच्या खोलीत नातू झोपलाय. सराव या परिस्थितीचा हवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, बंदूक उघडून स्वतः बघा, दुसऱ्यालाही बघायला लावा, मगच सुरू करा. नळी कुठे वळेल, पत्र्याच्या भिंतीपलीकडे कोण झोपतं, बोट घोड्यापासून दूर राहतं का, हे आधी ठरवा आणि तपासा. बॅटरीच्या उजेडात माणूस ओळखायची सवय लावा, कारण मध्यरात्री दार ढकलणारा बहुतेक वेळा उशिरा आलेला आपलाच पोरगा असतो. घरच्यांना एका खोलीत घेऊन कडी लावणं, मोठ्याने ओरडणं, ११२ला फोन करणं, हाही सरावच. माझ्या मते यातच निम्म्याहून जास्त बचाव आहे.

कायदाही डोक्यात पक्का हवा. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण ३७व्या कलमाने त्याला मर्यादा घातली आहे: गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. पाठ फिरवून पळणाऱ्या भुरट्या चोरावर गोळी झाडली तर आरोपीच्या पिंजऱ्यात तुम्ही उभे राहाल. वरातीत हवेत बार काढणाऱ्यांनी तर शस्त्र कायद्यातली २०१९ची दुरुस्ती वाचावी. लोकांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्याबद्दल बोलायलाच नको. तो बेकायदा तर आहेच, वर चालवणाऱ्याच्या हातातच फुटू शकतो.

बँकवाल्यांनो, एजन्सीवाल्यांनो, गार्डला वर्षातून एकदा तरी रीतसर परवानगी काढून चांदमारीवर न्या आणि काडतुसांचा खर्च त्याच्या पगारातून कापू नका. आणि परवानाधारकांनो, सराव जमणार नसेल तर बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीला द्या.