विश्वास ठेवण्यापूर्वी
(युवक-युवती व पालकांसाठी)



आपल्या सातारा-सांगली भागात स्थळाची चौकशी कसून होते. जमीन बागायत की जिरायत, द्राक्षबाग किती, नोकरी कायम आहे का, मुलगा दारू पितो का, हे सारे आपण विचारतो. एक प्रश्न मात्र राहून जातो : याने पूर्वी कुणा स्त्रीवर हात उगारला आहे का? आणि मुलगी पुण्या-मुंबईला असताना स्वतःच कुणाच्या प्रेमात पडली, तर कसलीच चौकशी होत नाही. कारण घरी सांगायचीच तिला भीती वाटते.

वसईच्या श्रद्धा वालकर या तरुणीची हकीकत आपण २०२२ साली वाचली. घरचा विरोध पत्करून ती आपल्या मित्रासोबत राहत होती. २३ नोव्हेंबर २०२० रोजी तिने तुळींज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली : तो मारहाण करतो, गळा दाबतो, तुकडे करून टाकण्याची धमकी देतो. १९ डिसेंबरला, आता आमच्यात भांडण नाही, असे लिहून तिने तक्रार मागे घेतली. १८ मे २०२२ रोजी दिल्लीत तिचा खून झाला. खटला त्याच जोडीदारावर भरण्यात आला. निवाडा करणे हे न्यायालयाचे काम. पण तिचा तो कागद आपल्याला खूप काही शिकवतो.

इंग्लंडमध्ये २००९ साली क्लेअर वूड हिचा तिच्या पूर्वीच्या मित्राने खून केला. आधीच्या मैत्रिणींना छळल्याची त्याची पोलिसांत नोंद होती. क्लेअरला त्याची पूर्ण कल्पना नव्हती. तिच्या वडिलांनी पाठपुरावा केला आणि २०१४ पासून तेथे जोडीदाराच्या हिंसेचा पूर्वेतिहास पोलिसांना विचारता येतो. आपल्याकडे अशी सोय नाही. म्हणून ही चौकशी आपणच करायची आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. प्रत्येक गुन्हा सारखा नसतो. तरुणपणी चोरीत सापडलेला माणूस बायकोला मारीलच असे नाही. उलट, पोलिसांत एकही नोंद नसलेला माणूस हिंसक असू शकतो. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की, पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीतून सवय जडते. म्हणून जोडीदाराला मारण्याची, धमकावण्याची, पाळत ठेवण्याची सवय पाहावी.

२. तक्रार करणे म्हणजे सूड नव्हे. अमेरिकेतील ११ शहरांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. जोडीदाराला मारल्याबद्दल पूर्वी अटक झालेल्या पुरुषांच्या बाबतीत खुनाचा धोका कमी आढळला. तर स्त्री सोडून गेल्यानंतर तो वाढलेला दिसला. म्हणून निघताना एकटीने निघू नये आणि 'शेवटचे एकदा भेट' या विनवणीला भुलू नये.

कोणी विचारील, "फादर, ख्रिस्ती माणसाने क्षमा करायची ना?" होय, क्षमा करावी. पण क्षमा वेगळी आणि विश्वास वेगळा. जक्कयाने नुसते 'चुकलो' म्हटले नाही. लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. खरा पश्चात्ताप कृतीत दिसतो आणि त्याला वेळ लागतो. मारल्यानंतर रडून पाय धरणे हा पश्चात्ताप नव्हे. क्षमा केली म्हणून त्याच्यासोबत राहिलेच पाहिजे, असे ख्रिस्तसभा सांगत नाही.

पालकांनो, मुलीची निवड पसंत नसली तरी दार लावून घेऊ नका. 'तूच निवडलास, आता भोग' हे वाक्य तिला त्या हिंसक माणसाकडेच परत ढकलते. मुलग्यांनो, तुमचा हात उठत असेल तर आजच मदत मागा. माझे दार उघडे आहे.

तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक घरात लिहून ठेवावेत.

चिंतनासाठी प्रश्न :
१. माझी मुलगी अडचणीत आली तर ती प्रथम मला सांगेल का?
२. एखाद्याच्या हिंसेबद्दल ठाऊक असूनही 'आपल्याला काय करायचे?' म्हणून मी गप्प राहिलो आहे का?

प्रभू आपल्या मुलामुलींचे रक्षण करो.

आपला,
धर्मगुरू