ब्रेकची तुटक रेघ

धारूरहून तेलगावकडे उतरणारा घाट बीड जिल्ह्यातील वाचकांना वेगळा सांगायला नको. बालाघाटचे पठार संपते आणि रस्ता अरुंद वळणे घेत गोदावरीच्या खोऱ्याकडे उतरू लागतो. गेल्या उन्हाळ्यात या घाटात माझ्या मामांची जुनी जीप जिथे थांबायला हवी होती तिथे थांबली नाही. वळणावर समोरून ट्रक आला, मामांनी ब्रेक दाबला, चाके करकचून आवळली गेली, आणि तरीही जीप चार-पाच हात जास्तच घसरली. कठडा जवळ होता. सुदैवाने कुणाला काही झाले नाही.

“ब्रेक तर परवाच घट्ट करून घेतलेत,” मामा म्हणाले. ते खरे होते. मग दोष कशाचा?

उत्तर रस्त्यावरच लिहिलेले होते. मागच्या उजव्या चाकाच्या रबराची काळी रेघ बरीचशी सलग उमटली होती. डाव्या चाकाची मात्र तुटक होती, वहीत आपण टिंबटिंब रेघ काढतो तशी. सुरुवातीला दोन तुकड्यांमधले अंतर माझ्या एका पावलापेक्षा थोडे जास्त, म्हणजे सुमारे ८० सेंटीमीटर होते. पुढे पुढे ते कमी होत गेले होते. विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबा आणि याचा अर्थ काय असेल ते स्वतः शोधून पाहा.

गाडीचा वेग तेव्हा ताशी ३० किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर. दर ८० सेंटीमीटरला एक तुकडा, तर सेकंदाला साधारण दहा तुकडे झाले. डावे चाक सेकंदाला दहा वेळा रस्त्यावर आपटत होते आणि दहा वेळा उचलले जात होते! वेग कमी होत गेला तशी तुकड्यांमधली अंतरे घटली, पण आपटण्याची वारंवारिता तीच राहिली. ती रस्त्यावरच्या खड्ड्यांनी ठरवलेली नव्हती, जीपच्याच अंगची होती.

जीपच्या खाली काय असते ते आता पाहू. महिंद्र कंपनीने १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप आणून जुळवायला सुरुवात केली. त्या घराण्यातल्या जुन्या जीपगाड्यांची बांधणी अगदी सरळ आहे. वर सांगाडा, खाली दोन चाके जोडणारा भक्कम आस, आणि दोहोंच्या मध्ये कमानीसारखे वाकवलेले पोलादी पाटे. पाट्यांच्या शेजारी दोन्ही बाजूंना एकेक जाडसर नळकांडे असते. मिस्त्री त्याला शॉकअप म्हणतात, पुस्तकात धक्काशोषक म्हणतात. माझ्या मते हे दुसरे नाव विद्यार्थ्याला चकवते. धक्का सोसतात ते पाटे. चाक दगडावर चढले की पाटा वाकतो आणि धक्क्याची ऊर्जा स्थितिज ऊर्जेच्या रूपात साठवतो. पण साठवलेले तो परत देतो, हीच अडचण आहे. स्प्रिंगला टांगलेले वजन खाली ओढून सोडले की ते जसे कितीतरी वेळ वरखाली होत राहते, तशी सगळी जीप झुलू लागते. ही झुलणारी गती खाऊन टाकणे हे शॉकअपचे काम. त्याला ‘दोलनशोषक’ म्हटले असते तर बरे झाले असते.

हे दोलन केवढे, ते आम्ही मोजले. तीन माणसांना, मिळून २१० किलोग्रॅम, मागच्या बाकांवर बसवले. सांगाडा ३ सेंटीमीटर खाली आला. म्हणजे मागच्या दोन पाट्यांचा मिळून स्थिरांक २१०० ÷ ०.०३, अर्थात मीटरला ७०,००० न्यूटन. पाट्यांवर पेललेले वस्तुमान माणसांसह ४५० किलोग्रॅम धरले, तर

आवर्तकाल = २ × ३.१४ × √(४५० ÷ ७०,०००) = सुमारे ०.५ सेकंद

सेकंदाला दोन झोके. काळ्या मातीवरच्या आपल्याकडच्या रस्त्यांना हे नेमके मारक ठरते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. दोन लाटांत ५ मीटर अंतर असेल आणि गाडी ताशी ३६ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १० मीटर जात असेल, तर तिला सेकंदाला दोनच हिसके बसतात. झोक्याला नेमक्या वेळी धक्का देत राहावे तसा प्रकार होतो. यालाच अनुस्पंदन म्हणतात.

पण घाटातली वारंवारिता दोन नव्हती, दहा होती. ते दोलन सांगाड्याचे नव्हे, आसाचे. हवा भरलेला टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे, आणि पाट्यापेक्षा बरीच ताठ. आस आणि चाके मिळून १०० किलोग्रॅमच्या आसपास भरतात आणि वर पाटा, खाली टायर अशी पकडीत असतात. टायर पाट्याच्या चौपट ताठ धरून वरच्याच सूत्राने गणित करा, वारंवारिता दहाच्या जवळ येईल. करून पाहाच.

आता ब्रेककडे वळू. चाक रस्त्याला जेवढे दाबलेले असते, तेवढ्या प्रमाणात घर्षण मिळते. चाक हवेत असताना घर्षण शून्य. एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, “सर, चाक परत आपटते तेव्हा दाब दुप्पट होत असेल, म्हणजे सरासरी तीच राहिली ना?” दाबाची सरासरी खरोखरच तीच राहते, घर्षणाची मात्र नाही. चाक हलके होते त्या क्षणी ब्रेक त्याला आवळून टाकतो आणि ते नुसते घसरते. ते जड होते त्या क्षणी जास्त घर्षण उपलब्ध असते, पण ते घ्यायला तितका आवळ ब्रेककडे नसतो. तोट्याचा क्षण पुरता भोगावा लागतो आणि फायद्याचा वाया जातो. ते जादा चार-पाच हात यातूनच आले.

दुर्दैवाची गोष्ट अशी, की जीप फार उसळते ही तक्रार मामांनी सहा महिन्यांपूर्वी एका मिस्त्रीकडे नेली होती, आणि त्याने पाट्यांमध्ये एकेक पाटा वाढवून दिला होता. आपल्याकडे हा उपाय सर्रास होतो, कारण गाडीत माणसे आणि पोती ठरल्यापेक्षा जास्त भरतात आणि जादा पाट्याने मागची बाजू उंच दिसते. पण गणित उलटे आहे. दोलन एकदाही न झुलता शांत व्हायला जेवढे अवमंदन लागते, त्याला क्रांतिक अवमंदन म्हणतात, आणि ते √(स्थिरांक × वस्तुमान) याच्या प्रमाणात असते. चांगला शॉकअप त्याच्या पाव ते एकतृतीयांश इतके अवमंदन देतो. पाटा २० टक्के ताठ केला की क्रांतिक अवमंदन सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, म्हणजे तोच शॉकअप आता तितका अपुरा पडतो. पाट्या-पाट्यांतले घर्षण थोडे वाढते हे खरे, पण मेलेल्या शॉकअपची उणीव त्याने भरत नाही.

शॉकअपच्या आत तेल भरलेली नळी आणि तिच्यात सरकणारा, बारीक छिद्रे व झडपा असलेला दट्ट्या असतो. तेलाला छिद्रातून पिळून जावे लागते, त्यात गतिज ऊर्जेची उष्णता होते. दट्ट्या जितक्या जोराने हलेल तितका विरोध जास्त. झडपा अशा असतात की दबताना विरोध कमी आणि ताणताना अधिक, म्हणजे दगडाचा हिसका वर पोचत नाही, पण वाकलेला पाटा उसळून येताना धरला जातो. ऑइल सील झिजले की तेल गळते, हवा शिरते, फेस होतो. फेस छिद्रातून विनासायास निघून जातो.

पाटा ५ सेंटीमीटर दबला तर त्यात ½ × ७०,००० × (०.०५)², म्हणजे सुमारे ८८ ज्यूल साठतात. एका शॉकअपच्या वाट्याला ४४. त्यातले तेल २०० ग्रॅम धरले तर एका हिसक्याला तापमान सेल्सिअसच्या जेमतेम दशांश अंशाने वाढेल. पण खराब रस्त्यावर असे शेकडो हिसके बसतात. म्हणून वीस-पंचवीस किलोमीटर चालून आलेल्या गाडीचे शॉकअप हाताला गरम लागतात. मामांच्या जीपचा मागचा उजवा कोमट होता. डावा गार, आणि तेलाने ओशट झालेला. अनुभवी मिस्त्री हीच परीक्षा करतात: गरम तो जिवंत, गार तो मेलेला. (सायलेन्सरला हात लागू देऊ नका.)

दोन्ही मागचे एकदमच बदलले. एकच नवा टाकला असता तर दोन बाजूंचे अवमंदन असमान राहिले असते. पुढच्या चाकांना दगड लावले, मागून जॅकने उचलून सांगाड्याखाली भक्कम लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कुणीही शिरू नये. गंजलेल्या नटांना आदल्या रात्रीच डिझेल लावून ठेवले होते. नवा शॉकअप बसवण्यापूर्वी उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण ताणला आणि दाबला, म्हणजे आडवा पडून राहिल्याने आत अडकलेली हवा वर निघून गेली. आणखी एक बारकावा पुष्कळ जण विसरतात. दोन्ही टोकांच्या रबरी बुशांचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर टेकल्यावर. लोंबत्या आसावर आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. वाढवलेले पाटेही काढून टाकले. मामांना ते पटायला आणखी एक दिवस लागला.

आधी मागची बाजू दाबून सोडली की जीप चार-पाच वेळा झुलत असे. आता ती वर येते, किंचित खाली जाते आणि थांबते.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल. स्प्रिंगला वजन टांगा, त्याखाली पत्र्याची चकती बसवा. प्रथम हवेत, मग चकती पाण्याच्या बादलीत बुडवून दोलने मोजा. नंतर चकतीला एक, दोन, चार छिद्रे पाडत पुन्हा मोजा आणि छिद्रांची संख्या व दोलनांची संख्या यांचा आलेख काढा. मामांचा गार पडलेला शॉकअप मिस्त्रीकडून तेल काढून उभा कापून घेतला आहे. वायू भरलेले शॉकअप मात्र कापू नयेत, त्यांत दाब असतो. आमच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर तो आता ठेवलेला असतो. दट्ट्याची झडप एका बाजूने झिजलेली नुसत्या डोळ्यांनी दिसते.