आभाळातला आरसा

घरात जुना रेडिओ असेल तर एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. मीडियम वेव्हवर दिवसा जवळचेच केंद्र नीट लागते. रात्र पडली की कुठली कुठली केंद्रे बोलू लागतात. असं का बरं होतं?

पृथ्वी गोल, आणि रेडिओच्या लहरी बहुतेक सरळ जाणाऱ्या. मग त्या हजार मैलांवर पोचतात कशा? आभाळावर आपटून खाली येतात! जमिनीपासून साठ किलोमीटरांच्या वर हवा फार विरळ असते. सूर्याच्या प्रखर किरणांनी तिच्या कणांतली वीज सुटी होते. विजेने भारलेल्या ह्या थरांना आयनांबर म्हणतात. वरचा थर आरशासारखा लहरी परतवतो. खालचा थर मात्र टिपकागदासारखा त्या शोषून घेतो. सूर्य मावळला की खालचा थर विरतो, वरचा टिकतो. म्हणून रात्री लांबचे ऐकू येते.

माणूसही ह्या थरांत ढवळाढवळ करू शकतो. १९३३ साली हॉलंडमध्ये टेलेगेन नावाचे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडचे केंद्र ऐकत होते. त्यातच लक्झेंबर्गचा कार्यक्रम ऐकू येई! लक्झेंबर्गचे केंद्र भारी शक्तीचे. त्याच्या लहरींनी आयनांबर थोडे तापे, आणि तिथून जाणाऱ्या परक्या लहरीवर त्याचा आवाज उमटे. हे नकळत झाले.

पुढचे नकळत नव्हते. ऑगस्ट १९५८ मध्ये अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर, ७० किलोमीटरांहून अधिक उंचीवर, हायड्रोजन बॉम्ब फोडला. खालच्या थरात एकाएकी इतकी वीज सुटी झाली, की त्या भागात टिपकागदच पसरला म्हणा ना. महासागरावरचे लांब पल्ल्याचे रेडिओ-संदेश कित्येक तास तुटले. विमान हवेत, खाली पाणीच पाणी. वैमानिकाने वाट विचारावी कोणाला? तीन हजार किलोमीटरांहून दूर, सामोआत, आभाळ रंगांनी पेटले. तिथल्या लोकांचा ह्या बॉम्बशी संबंध तो काय?

१९६२ साली तर ४०० किलोमीटरांवर स्फोट केला. हवाई बेटांत रस्त्यावरचे दिवे विझले. रशियानेही त्या वर्षी असे स्फोट केले. अखेर ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्कोला करार झाला. हवेत, अवकाशात व पाण्याखाली अणुस्फोट करायचे नाहीत, असे ठरले. भारतानेही त्याच महिन्यात सही केली.

आता अलास्कात गाकोना येथे १८० अँटेनांचे केंद्र आहे. रेडिओलहरींनी आयनांबर किंचित तापवून तिथे अभ्यास करतात. ते यंत्र वादळे आणते, अशी आवई उठत असते. तिच्यात तथ्य नाही. यंत्र बंद केले की थर लवकरच पूर्ववत होतो. आणि पाऊस-वादळांचे ढग असतात ते कितीतरी खाली, वीस किलोमीटरांच्या आतच.