लग्नाच्या फोटोंचं बिल ऑनलाइन : खर्च किती, खोच कुठे

लग्नसराई संपते, अल्बम छापून येतो आणि बाकी अडकते. नारायणगाव, मंचर, जुन्नर, घोडेगाव, कुठल्याही स्टुडिओची वही उघडा. निम्म्या नावांपुढे ‘टोमॅटोचे पैसे आले की’ असंच सापडेल. गिऱ्हाइकाला घरबसल्या पैसे देता आले तर बाकी लवकर सुटते, हे खरं. पण त्यासाठी सगळ्यात आधी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका.

स्टुडिओ निन्जा, पिक्सिसेट, हनीबुक यांच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. बुकिंग, करार, तारखा, बिल सगळं एका जागी. सोय चांगली आहे, अडचण पैसे घेण्याची आहे. यातली पहिली दोन मुख्यतः स्ट्राइप आणि पेपालवर चालतात. पेपालने भारतातले देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. स्ट्राइप भारतात नवीन व्यापाऱ्याला सरसकट खातं देत नाही. हनीबुकची पैसे घेण्याची सोय अमेरिका-कॅनडापुरती. म्हणजे वर्गणी डॉलरमध्ये भरा, त्यावर कार्डाचं परकीय चलन शुल्क सोसा (बहुतेक कार्डांवर साधारण ३.५ टक्के, वर जीएसटी), आणि शेवटी क्यूआर व्हॉट्सॲपवरच पाठवा.

त्यापेक्षा देशी बिलिंग ॲप घ्या. झोहो इन्व्हॉइस फुकट आहे, जीएसटीचं बिल बनवतं आणि रेझरपेसारखा गेटवे त्याला जोडता येतो. ते बाकीची आठवण ईमेलने आपोआप पाठवतं. तुमचं गिऱ्हाईक ईमेल उघडत नाही, तेव्हा बिलाची पीडीएफ आणि लिंक व्हॉट्सॲपवर टाका.

आता खर्च. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागे कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे. बँकेचा किंवा फोनपे-पेटीएमचा व्यापारी क्यूआर लावला तर ८०,००० चे ८०,००० खात्यात येतात. पैसे आल्याचं सांगणारा बोलणारा डबा (साउंडबॉक्स) घेतलात तर त्याचं भाडं महिना साधारण शंभर-सव्वाशे, आणि ते वापर असो-नसो कापलं जातं. एकच दुकान, महिन्याला दहा-पंधरा व्यवहार असतील तर डबा नको.

गेटवेच्या लिंकचं गणित वेगळं आहे. सर्वसाधारण दर २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. ८०,००० च्या बिलावर १,६०० अधिक २८८, म्हणजे १,८८८ रुपये गेले. एका वाढीव फोटोफ्रेमचे पैसे. इथेच खोच आहे: यूपीआयवर एमडीआर शून्य असला तरी काही गेटवे ‘प्लॅटफॉर्म फी’ या नावाने यूपीआयवरही पैसे कापतात. सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा, “लिंकवरून यूपीआयने पैसे आले तर किती कापणार?” उत्तर लेखी घ्या. गिऱ्हाइकाचा परदेशातला भाऊ कार्डाने भरणार असेल तर दर साधारण ३ टक्क्यांवर जातो. लग्न मोडलं आणि ॲडव्हान्स परत केलात, तरी गेटवेचं शुल्क सहसा परत मिळत नाही. करारात तेवढी रक्कम कापण्याची अट आधीच लिहा. पैसे साधारण दोन कामकाजी दिवसांनी खात्यात येतात. ‘लगेच हवेत’ हे बटण दाबलं की आणखी शुल्क.

म्हणून नियम साधा ठेवा. यूपीआयसाठी आपला क्यूआर, कार्डासाठीच गेटवेची लिंक. क्यूआरवर क्रेडिट कार्ड जोडलेलं यूपीआयही चालतं. त्यात २,००० पर्यंत छोट्या व्यापाऱ्याला शुल्क नाही, त्यावर मात्र लागतं. हे शुल्क बिलात वेगळं लावून गिऱ्हाइकाशी वाद घालू नका, दर ठरवतानाच धरा.

कागद कोणते? पॅन, आधार, रद्द केलेला चेक, दुकानाचा पुरावा. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टची नुसती ऑनलाइन सूचना पुरते. छोट्या उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. कोणी ‘फी’ मागितली तर ती त्याची स्वतःची. पतसंस्थेतलं खातं इथे सहसा चालत नाही, आयएफएससी असलेलं बँक खातं लागतं. ते चालू खातं असावं आणि फक्त स्टुडिओचं असावं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या. घरच्या बचत खात्यात भिशी, मेव्हण्याची उसनवारी आणि स्टुडिओची कमाई एकत्र असेल तर कुठली रक्कम कशाची, हे तुम्हालाच सांगत बसावं लागेल.

जीएसटीची नोंदणी सेवेसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपुढे लागते, फोटोग्राफीवर दर १८ टक्के. नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लिहू नका, वसूलही करू नका. ‘रोख घ्या, बिल नको’ हा आडमार्ग महागात पडतो: एका कार्यक्रमासाठी एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेतली तर घेतली तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हप्ते पाडले तरी कार्यक्रम एकच धरतात.

मर्यादाही आधीच सांगून ठेवा. सामान्य यूपीआय व्यवहाराला दिवसाला १ लाख, काही बँकांत त्याहून कमी. मुलीच्या वडिलांनी लग्नाच्या सकाळीच यूपीआय सुरू केलं असेल तर पहिल्या २४ तासांत सहसा ५,००० च्या वर जात नाही, आणि मांडवात तुमची पंचाईत होते. मोठ्या रकमेला एनईएफटी घ्या, ती २४ तास चालते. पैसे तीन हप्त्यांत मागा: तारीख धरताना, हळदीच्या आदल्या दिवशी आणि अल्बम छापायला देण्याआधी. शेवटचा हप्ता अल्बम हातात दिल्यावर ठेवलात तर तो टोमॅटोवर जातोच. कार्डाने भरणाऱ्याला प्रत्येक हप्त्याची रक्कम भरलेली वेगळी लिंक द्या आणि तिला मुदत घाला. वैयक्तिक यूपीआयवरून ‘पैसे मागा’ची विनंती ऑक्टोबर २०२५ पासून बंद आहे, तिच्यावर विसंबू नका.

स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. पेन ड्राइव्ह हातातून सोडण्याआधी खात्यात जमा पाहा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही; कोणी टाकायला सांगितला तर फोन ठेवा. फसलातच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा. आणि प्रत्येक जमेमागे बिल ठेवा. फसवणुकीचे पैसे फिरत फिरत तुमच्या खात्यात आले तर बँक रक्कम गोठवते, तेव्हा हेच बिल दाखवावं लागतं.

डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या बाजूला कार्य असेल तर नेटवर भरवसा ठेवू नका. साध्या फोनवरून यूपीआय १२३पेने एका वेळी १०,००० पर्यंत देता येतात, पण मोठा हप्ता तसा निघत नाही. तिकडची मंडळी बाजाराला घोडेगावात उतरतात त्या सकाळी हप्ता मागा.