चाकांवरचं घर आणि कावेरीचा काठ

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत कॅम्पर व्हॅन भाड्याने घेऊन आम्ही चौघं मेकेदाटूला जाणार आहोत. गाडीतच झोपायचं, म्हणजे परवानगी लागणार नाही ना?
— एक वाचक, बेंगळुरू

उत्तर : लागेल. तंबू असो वा चाकांवरचं घर, हा परिसर १९८७ साली घोषित झालेल्या कावेरी अभयारण्यातला आहे. वन खात्याच्या परवानगीविना तिथे रात्र काढता येत नाही.

पण बेत मोडू नका. मेकेदाटूजवळचा अर्कावती-कावेरीचा संगम तुमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर. दिवसभरात आरामात पाहून होतो. मुक्कामाला भीमेश्वरीला सरकारी ‘जंगल लॉजेस’चा कॅम्प आहे. व्हॅन आत लावू देतील का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा. गाडीतच झोपायची हौस असेल, तर आंध्रातलं गंडिकोटा गाठा आणि एखाद्या हॉटेलच्या आवारात, मालकाला विचारून, गाडी उभी करा. पेन्नेची ती लालसर घळ मला तरी मेकेदाटूहून सरस वाटते.

मेकेदाटू म्हणजे शेळीची उडी. नाव गमतीचं, पाणी दगाबाज. महाराष्ट्रातल्या निघोजसारखेच रांजणखळगे इथेही आहेत. त्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं की पातळी झपाट्याने चढते. पोहता येत असलं तरी उतरू नका.