लोणावळ्याहून पुढे: परदेशी पाहुण्याचा रेल्वेप्रवास आखताना

कैवल्यधामातला अभ्यासक्रम संपत आला की तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांची चौकशी सुरू होते: इथून काशीला कसं जायचं, गोव्याला कसं? स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली संस्था काढली, त्यामुळे लोणावळ्याला बाहेरचे पाहुणे नवे नाहीत. आता तर मावळातल्या घराघरांतही जर्मनीतला जावई किंवा अमेरिकेतली भाची आणि तिच्या मैत्रिणी असा राबता असतो. त्यांची तिकिटं काढायचं काम शेवटी यजमानाच्याच गळ्यात पडतं. ते पुढल्या क्रमाने करा.

पहिलं काम कागदावरचं. पाहुण्याला जी गावं बघायची आहेत ती लिहून काढा आणि कोणत्या टप्प्याला रात्र गाडीत जाते त्याच्यापुढे फुली मारा. फुलीवाल्या टप्प्यांची तिकिटं आधी काढायची, हॉटेलं त्यानंतर. पाहुणा नेमका उलट निघालेला असतो. त्याने महिनाभराचे मुक्काम पैसे भरून नक्की केलेले असतात आणि गाडी काय, त्या दिवशी मिळेलच, अशी त्याची समजूत असते, कारण त्याच्या देशात बऱ्याचदा ती मिळतेच. इथे रात्रीच्या गाडीचा बर्थ ही सगळ्यात दुर्मीळ गोष्ट. खोली कुठेही मिळते. उलट लोणावळा-पुणे, लोणावळा-मळवली असले टप्पे ठरवायच्या भानगडीत पडूच नका. तिथे खिडकीवर तिकीट काढायचं आणि येईल त्या लोकलमध्ये बसायचं. दुपारी मात्र लोकल विरळ असतात, एवढं आधी बघून ठेवा.

मग बघायचं, हवी ती गाडी लोणावळ्यावरून जाते का आणि जात असली तर थांबते का. मुंबई-सोलापूर वंदे भारत डोळ्यांदेखत निघून जाते. तिला पुण्यात किंवा कल्याणला गाठावं लागतं. पुण्याहून सुटणारी हावड्याची आझाद हिंद किंवा जम्मूची झेलम दौंड-मनमाडच्या अंगाने जाते, लोणावळ्याकडे फिरकतही नाही. काशीला जाणारी पुणे-बनारस ज्ञानगंगाही त्याच वाटेची, आणि ती आठवड्यातून एकदाच. वेळापत्रकात गाडी दिसली की पाहुणा ती रोजची समजतो, म्हणून वारांचा रकाना आधी वाचा. गोवा म्हटलं की तो कोकण रेल्वे म्हणतो. ती धरायला घाट उतरून पनवेल गाठावं लागतं. मला विचाराल तर पावसाळ्यात पुण्याहून गोवा एक्स्प्रेसनं पाठवावं. ती मिरज-लोंढ्यावरून उतरते, त्यामुळे पनवेल गाठायला नको. वेरूळ-अजिंठ्याला मात्र रेल्वेचा हट्ट सोडा. लोणावळ्याहून आधी घाट उतरायचा, कल्याणला गाडी बदलायची आणि मनमाडवरून वळसा घालायचा, यापेक्षा पुण्याहून छत्रपती संभाजीनगरची बस कितीतरी सोपी.

स्टेशनांची नावं पाहुण्याच्या हातातल्या पुस्तकाप्रमाणे नसतात. औरंगाबाद शोधत बसलेल्याला संभाजीनगर सांगावं लागतं, व्हीटी म्हणणाऱ्याला सीएसएमटी. सगळ्यात मोठा घोळ ‘मुंबई सेंट्रल’चा. लोणावळ्याच्या गाड्या मध्य रेल्वेच्या, म्हणजे ‘सेंट्रल रेल्वे’च्या, आणि मुंबई सेंट्रल हे स्टेशन पश्चिम रेल्वेचं. नुसतं ‘सेंट्रल’ ऐकून टॅक्सीवाला भलतीकडे नेतो. शिवाय लोकमान्य टिळक टर्मिनस, दादर, वांद्रे टर्मिनस ही सगळी मुंबईच. म्हणून ‘मुंबई’ एवढंच कधीही लिहून देऊ नका. टर्मिनसचं पूर्ण नाव मराठीत आणि इंग्रजीत चिठ्ठीवर लिहा.

आता तिकीट. १ नोव्हेंबर २०२४ पासून साधं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. परदेशी पर्यटकांचा कोटा वेगळा असतो. त्यात ३६५ दिवस आधीपर्यंत तिकीट काढता येतं, पण तो ठरावीक गाड्यांना आणि वर्गांनाच असतो आणि ऑनलाइन घेतलं तर भाडंही जास्त पडतं. परदेशी मोबाइल क्रमांकावर आयआरसीटीसीचं खातं निघतं. ते पाहुण्याने घरून निघण्यापूर्वीच काढून ठेवावं, कारण इथे आल्यावर त्याचं सिम बदलतं आणि ओटीपी जुन्या क्रमांकावर जात राहतो. तत्काळच्या भरवशावर त्याला सोडू नका. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट आधार पडताळणी झालेल्या खात्यावरूनच निघतं, आणि त्याच्याकडे आधार कुठून असणार?

लोणावळ्याहून जागा दिसत नसेल तर हताश होऊ नका. मधल्या स्टेशनांचा कोटा लहान असतो. तीच गाडी सीएसएमटीपासून शोधा, तिथून तिकीट काढा आणि चढण्याचं स्टेशन लोणावळा नोंदवा. भाडं मुंबईपासूनचं पडेल, पण बर्थ पदरात पडतो. एकदा असं नोंदवलं की मुंबईहून चढायचा हक्क मात्र जातो.

तिकीट आलं की पाहुण्याला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचून दाखवा. कन्फर्म असेल तर डबा आणि बर्थ लिहिलेला असतो. आरएसी म्हणजे गाडीत चढता येईल, पण कडेचा खालचा बर्थ दुसऱ्या कुणाबरोबर वाटून बसावं लागेल. नवख्याला हे आधी सांगितलं नाही तर समोर येऊन बसलेल्या माणसाला तो घुसखोर समजतो. वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागेपर्यंत सरकलं नाही तर आपोआप रद्द होतं. त्यावर डब्यात चढता येत नाही. आणि तारीख! १५ तारखेला ००.१० ला सुटणाऱ्या गाडीसाठी १४ च्या रात्री स्टेशनवर असायचं असतं. शिकलेसवरलेले लोकही इथे फसतात. चिठ्ठीवर ‘१४ ची रात्र, जेवून निघणे’ असंच लिहा.

लांबच्या प्रवासाला पाठवण्याआधी एक रंगीत तालीम करून घ्या. लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलने पाहुण्याला एकट्याने मळवलीला जाऊ द्या. पुढचंच स्टेशन आहे. तिकिटाच्या रांगेत उभं राहणं, महिलांचा डबा ओळखणं, उतरणाऱ्यांच्या मागे आधीच दाराशी सरकणं हे सगळं तो तेवढ्यात शिकतो. मळवलीहून भाज्याची लेणी पायी होतात. दम असेल तर पुढे लोहगड, जो जुलै २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे.

मुंबईहून पहिल्यांदा येत असेल तर सकाळी सातची डेक्कन एक्स्प्रेस बरी. जून २०२१ पासून तिला काचेच्या छताचा विस्टाडोम डबा आहे, आणि घाट बघायचा तर उजेडातच. संध्याकाळची डेक्कन क्वीन १९३० पासूनची मानाची गाडी खरी, पण हिवाळ्यात घाट लागेपर्यंत अंधार पडतो. पाहुण्याला दोन खुणा सांगून ठेवा. कर्जतला गाडी थांबते आणि मागून दणका बसतो. ती बँकर इंजिनं लागतात, कारण १८६३ साली सुरू झालेल्या या घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे. तिथे उतरायचं नाही, वडा घ्यायचा. मग बोगदे संपून खंडाळ्याची पाटी दिसली की सामान उचलायचं, कारण लोणावळ्याला गाडी फार वेळ थांबत नाही.

प्रवासाच्या दिवशी मूळ पासपोर्ट जवळ हवा. टीसीला फोटो दाखवून भागत नाही. एसी डब्यात चादर-उशी मिळते, स्लीपरमध्ये नाही. बॅग बर्थखालच्या कडीला साखळीने बांधायची.

परतीचं विमान मुंबईहून असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये त्याच दिवशी घाट उतरायचा बेत करू नका. दरड आली की गाड्या रद्द होतात. २०१९ च्या पावसाळ्यात मुंबई-पुणे गाड्या दिवसेंदिवस बंद होत्या. आदल्या दिवशी दुपारपर्यंत दादरला पोचवा. मेट्रो ३ दादरहून थेट आंतरराष्ट्रीय टर्मिनलपर्यंत जाते, त्यामुळे मुक्कामाची खोली दादरच्या आसपास घेतली तरी चालते. पण रात्रीचं विमान असेल तर शेवटच्या मेट्रोची वेळ बघून ठेवा.