बसचं घर आणि त्याची फरशी : विचार खालून वर करा!

जुनी बस घ्यायची, सीट काढायच्या, आत पलंग, ओटा आणि दोन पंखे बसवायचे अन् निघायचं भारतभ्रमणाला! हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर हे स्वप्न पाहणारा एखादा तरी पोट्टा असतोच. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केल्यापासून तर हे स्वप्न अगदीच हवेतलं राहिलेलं नाही. पण अशा गप्पा रंगल्या की सगळ्यात आधी वाद होतो तो फरशीवर. एक म्हणतो, घरासारखी टाइल टाकू. दुसरा म्हणतो, लाकडासारखी दिसणारी शीट टाकू. तिसरा म्हणतो, आहे तीच चेकर प्लेट राहू दे, पैसे वाचतील.

तिघंही वरून विचार करतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की बसची फरशी वरून नव्हे, खालून निवडायची असते. पायाला काय लागेल आणि डोळ्याला काय दिसेल, हा शेवटचा प्रश्न. त्याआधी वजन, पीळ, ऊन, पाणी आणि आग असे पाच पेपर पास व्हावे लागतात. एका पेपरात नापास, तर पूर्ण वर्ष नापास!

आधी लाल परीकडे पाहू

आपल्याकडे बसच्या तळाचा सगळ्यात मोठा अनुभव एस.टी.चा. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. सुरुवातीच्या गाड्यांची बॉडी लाकडी होती. पुढे ॲल्युमिनियमची बॉडी आली, आणि अलीकडच्या वर्षांत महामंडळ पोलादी बॉडीकडे वळलं. आपल्या नागपूरजवळ हिंगण्याला महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, तशाच दापोडीला आणि छत्रपती संभाजीनगरला चिकलठाण्यातही आहेत.

एस.टी.त चढताना पायाखाली उंचवट्यांची नक्षी असलेला ॲल्युमिनियमचा पत्रा बऱ्याच वेळा दिसतो. तीच चेकर प्लेट. दिसायला ती काही सुंदर नाही. पण पावसाळ्यात आपल्या विदर्भातली काळी माती चपलेला किलोभर चिकटते, तरी प्रवासी घसरत नाही. संध्याकाळी पाण्याचा पाइप मारला की गाडी साफ. म्हणजे ती निवड नक्षीसाठी नाही, कामासाठी केलेली आहे. आपलं काम वेगळं असेल तर आपली निवड वेगळी होईल, पण पद्धत हीच ठेवायची.

पेपर पहिला : वजन

हिशोबासाठी बसच्या आतली लांबी १० मीटर आणि रुंदी २.३ मीटर धरू. क्षेत्रफळ झालं २३ चौरस मीटर. आता प्रत्येक पर्यायाचं वजन ढोबळ घनतेवरून काढू.

१) २५ मिलिमीटर जाडीची कोटा फरशी : चौरस मीटरला साधारण ६५ किलो, एकूण सुमारे १५०० किलो.
२) ८ मिलिमीटरची व्हिट्रिफाइड टाइल आणि खाली २० मिलिमीटर मसाला : चौरस मीटरला सुमारे ५९ किलो, एकूण १३५० किलोच्या आसपास.
३) ३ मिलिमीटरची ॲल्युमिनियम चेकर प्लेट : सुमारे १९० किलो.
४) १२ मिलिमीटर प्लायवूड : सुमारे १८० किलो.
५) २ मिलिमीटरची व्हिनाइल शीट : सुमारे ६५ किलो.

एक प्रवासी ६८ किलोचा धरला तर मसाल्यातली टाइल म्हणजे वीस प्रवासी कायमचे गाडीत बसवल्यासारखं आहे. गाडी कितीही रिकामी असो, हे वीस जण उतरत नाहीत. ते डिझेल खातात, टायर झिजवतात आणि घाटात ब्रेक तापवतात. टाइल मसाल्याऐवजी ॲडहेसिव्हने चिकटवली तर वजन साडेपाचशे किलोपर्यंत खाली येतं हे खरं, पण मग ती पुढच्या पेपरात अडकते.

पेपर दुसरा : पीळ

मेसचं स्टीलचं ताट घ्या. समोरासमोरच्या दोन कडा धरून उलट दिशेने पिळा. ताट थोडंसं वाकडं होतं आणि सोडलं की परत सरळ. बसची चॅसिसही खड्ड्यात एक चाक गेलं की असाच पीळ घेते आणि बाहेर आली की सरळ होते. पोलादाला, प्लायवूडला, व्हिनाइलला ही कसरत जमते. टाइलला जमत नाही. ती दाब उत्तम सोसते, पण ताण आणि वाक सोसत नाही. घराचा स्लॅब जागेवर राहतो म्हणून तिथे ती पन्नास वर्षं टिकते. इथे स्लॅबच रस्त्यावर धावतो आहे. आधी सांध्यातला भराव सुटणार, मग कोपरा उडणार, मग फटीतून पाणी खाली जाणार.

पेपर तिसरा : कामठीचं ऊन, कामठीची थंडी

मे २०१३ मध्ये नागपूरचं तापमान ४७.९ अंशांवर गेलं होतं, आणि डिसेंबर २०१८ मध्ये ते ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. उन्हात बंद उभी असलेली बस तर बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते. फरशीच्या तापमानात वर्षभरात ५० अंशांचा फरक पडतो असं धरू. १० मीटर लांबीत पोलादी सांगाडा सुमारे ६ मिलिमीटर वाढेल, ॲल्युमिनियम साडेअकरा मिलिमीटर, आणि मोकळी पीव्हीसी शीट तब्बल ३५ मिलिमीटरच्या जवळपास. म्हणून एकमेकांत अडकणाऱ्या पीव्हीसी फळ्या भिंतीला घट्ट टेकवून बसवल्या, तर मे महिन्यात फरशी पापडासारखी फुगते. कडेला फट सोडायची आणि ती पट्टीने झाकायची, किंवा शीट सगळीकडून पक्की चिकटवायची. चिकटवणारा पदार्थही उन्हात मऊ न पडणारा हवा.

आता उष्णतेचा हिशोब. बाहेर ४५ अंश, आत एसी लावून २७ अंश. तळाला फक्त १२ मिलिमीटर प्लायवूड असेल तर २३ चौरस मीटरमधून सुमारे १३५० वॉट उष्णता आत येते. त्यावर २५ मिलिमीटर जाडीचा बंद पेशींचा फोम, म्हणजे एक्सपीएस, टाकला की हा आकडा ३६५ वॉटवर येतो. हजार वॉट वाचले! एक टनाचा एसी साधारण ३५०० वॉट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे फक्त फरशीच्या फोमने एसीचं पाव ते एक तृतीयांश काम केलं. हिट ट्रान्सफरचा पेपर ज्यांना कंटाळवाणा वाटतो त्यांनी हे गणित एकदा स्वतः सोडवून पाहावं. फोमच्या मधून लोखंडी पट्ट्या गेल्या तर फायदा कमी होतो, तेवढं लक्षात असू द्या.

पेपर चौथा : पाणी

हाच पेपर सगळ्यात अवघड, आणि बहुतेक जण हाच ऑप्शनला टाकतात.

पाणी तीन वाटांनी येतं. वरून सांडतं, खालून चाकं उडवतात, आणि तिसरी वाट म्हणजे आपला श्वास. जानेवारीच्या रात्री चार मित्र खिडक्या लावून झोपले, आत २२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता आहे असं समजा. या हवेचा दवबिंदू सुमारे १४ अंशांवर येतो. तळाचं लोखंड तेव्हा ९-१० अंशांवर असतं. मग फटींतून खाली पोहोचलेली वाफ त्या लोखंडावर पाणी होऊन बसणारच. वर शीट चकाचक, खाली प्लायवूड कुजतंय आणि लोखंड गंजतंय. वरून कीर्तन आणि आतून तमाशा, तो हाच!

कामठी रोडवरच्या एका गॅरेजमध्ये मी मिस्त्रीकाकांना विचारलं होतं, "काका, बसच्या घराला कोणती फरशी चांगली?" हातातला पाना खाली न ठेवता ते म्हणाले, "भाऊ, फरशी मागून पाहू. पाणी आत आलं तं जाईन कुठून, थे पयले सांग." आपल्या पूर्ण सिलॅबसचा सारांश मला त्या एका वाक्यात मिळाला.

त्यावरून निघालेले नियम असे :

१) जुनी फरशी पूर्ण उचला. जुन्यावर नवीन टाकणं म्हणजे जखमेवर न धुता पट्टी बांधणं. खालच्या आडव्या पोलादी पट्ट्या हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे निघाले तर आधी वेल्डिंगवाला, मग फरशीवाला.
२) गंज घासून झिंकयुक्त प्रायमर, त्यावर रंग. प्लायवूड आयएस ७१० या मानकाचं, म्हणजे मरीन ग्रेडचं घ्या. त्याच्या गोंदाची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात होते. पण कापलेली कड आणि स्क्रूचं भोक मात्र आपणच रंगाने बंद करायचं असतं.
३) ॲल्युमिनियमचा पत्रा उघड्या पोलादावर थेट ठेवू नका. मध्ये पाणी साचलं की दोघांचा विद्युत घट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये रबराची पट्टी द्या.
४) फोम बंद पेशींचाच हवा. स्पंजसारखा फोम पाणी पिऊन बसतो.
५) ओट्याच्या आणि न्हाणीच्या भागात शीट भिंतीवर चार इंच चढवा आणि उताराच्या टोकाला निचऱ्याची नळी द्या.

या पाचव्या नियमाचं महत्त्व कळायला पुण्याचं उदाहरण घ्या. २०१६ साली तिथे पीएमपीएमएलच्या जुन्या बसचं महिलांसाठी स्वच्छतागृह करण्याचा 'ती' नावाचा प्रयोग सुरू झाला. अशा गाडीत फरशी दिवसभर ओली राहणार, वर फिनेल आणि साबण पडणार, आणि घाईत आलेल्या आजीबाई घसरल्या तर हाड मोडणार. तिथे लाकडी दिसणारी गुळगुळीत शीट कितीही देखणी असली तरी चालणार नाही. बिनसांध्याची, न घसरणारी आणि धुता येणारी, हीच फरशी तिथे सुंदर.

पेपर पाचवा : आग, धूर आणि वायू

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ जण गेले. आपल्याच शहरातून निघालेली गाडी होती ती. फरशीमुळे तो अपघात झाला असं मी मुळीच म्हणत नाही. पण बसच्या आगीत माणसाच्या हातात किती कमी वेळ असतो, हे त्या रात्रीने आपल्याला दाखवून दिलं. म्हणून आत जाणारी प्रत्येक वस्तू त्या नजरेने पाहायला हवी.

वाहनाच्या आतल्या साहित्यासाठी आयएस १५०६१ हे ज्वलनशीलतेचं मानक आहे. शीट, फोम आणि गालिचा घेताना दुकानदाराकडे त्याचं प्रमाणपत्र मागा. आणीबाणीच्या दाराकडे जाणारी वाट मोकळी ठेवा. तिथे घडीचा गालिचा नको आणि पायरीही नको.

दुसरा धोका स्वयंपाकाच्या गॅसचा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, फरशीवर पसरून साचतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा आतून बंद असावा आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं जाळीचं भोक असावं. तिसरा धोका याच्या उलट. तारा आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकांतून सायलेन्सरचा धूर आत येऊ शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. झोपलेल्या माणसाला तो उठायची संधीही देत नाही. तेव्हा गॅसचं भोक सायलेन्सरपासून दूर उघडं ठेवा आणि बाकीची सगळी भोकं आगीला टिकणाऱ्या सीलंटने बुजवा. फरशीचं भोकसुद्धा विचार करून पाडावं लागतं, ते असं.

मग शेवटी निवडायचं काय?

राहण्यासाठीच्या बसला माझं मत असं : खाली रंगवलेला सांगाडा, त्यावर मरीन प्लायवूड, त्यावर फोम, परत प्लायवूडचा थर आणि सगळ्यात वर जाड, न घसरणारी व्हिनाइल शीट, शक्यतो एकाच तुकड्यात. दाराजवळ आणि पायरीवर मात्र चेकर प्लेट, कारण चिखल तिथेच येतो. गिअरबॉक्स आणि इतर भागांच्या वर फरशीत जी झाकणं असतात ती शीटखाली गाडू नका. झाकणापुरती शीट वेगळी कापा आणि कडेला पट्टी लावा. रस्त्यात गाडी बंद पडली आणि झाकण उघडायला पूर्ण फरशी फाडावी लागली, तर त्या फरशीला काय अर्थ?

आणि कायदा विसरू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. सीटचा पहिला बोल्ट काढण्याआधी आरटीओत जाऊन या.

मित्रहो, आपण वर्गात थर्मोडायनॅमिक्स वेगळं शिकतो, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स वेगळं आणि गंजाचं रसायनशास्त्र तर पहिल्या वर्षाला शिकून विसरूनही जातो. बसची फरशी हे सगळे विषय एकाच दिवशी विचारते, आणि या परीक्षेत एटीकेटी नसते. तेव्हा पुढच्या वेळी गावी जाताना एस.टी.त बसलात की मोबाइल खिशात ठेवा आणि एकदा पायाखाली नीट पाहा. पत्रा कुठे जोडलाय, झाकण कुठे आहे, पाणी कुठून जातंय? उत्तरं सापडली की समजा, तुमच्या स्वप्नातल्या बसची फरशी निवडायला तुम्ही तयार झालात.